वहिनीच्या हातचं

माझे पुढचे दात खर्र्याने गेलेले नाहीत. नागपुरात माझ्या वयाच्या माणसाचे दात गेले की कोणी कारण विचारत नाही, सुपारी-तंबाखूवर ढकलून मोकळे होतात, आणि मीही आजवर तसं ढकलू दिलं. ऑफिसात, मुलीच्या सासरी, बायकोजवळसुद्धा. खरं म्हणजे मी आयुष्यात खर्रा तोंडात टाकलेला नाही. मागच्या वर्षी दातांच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझे उरलेले दात आतल्या बाजूने आरशात पाहिले, आरसा बाजूला ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, पूर्वी कधी तुम्हाला फार उलट्या व्हायच्या का?" मी "नाही" म्हणालो. साठीला आलेला माणूस, मुलीच्या वयाची डॉक्टर, दार लावलेलं, आणि तरी पहिला शब्द "नाही" हाच आला. निघताना मात्र दारातून परत फिरलो आणि "हो" म्हणालो. त्यांनी मला बसवून घेतलं आणि या गोष्टीला बुलिमिया म्हणतात हे सांगितलं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत तिला नाव नव्हतं. बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून पुढे दहाएक वर्षं मी पोटभर, पोटाबाहेर जेवत होतो आणि जेवलेलं चोरून बाहेर काढत होतो. त्या बाईंखेरीज हे मी आपणहून कोणालाही सांगितलेलं नाही. त्याहून वाईट जे केलं ते तर मुळीच नाही. ते पुढे येईल.

आमचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत दोन माग, एकावर बाबा आणि एकावर माझा मोठा भाऊ, दादा. माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेले. खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबायच्या आणि हाताने धोटा फेकायचा. सकाळी जाग यायची ती त्या खटखटीने, आणि खटखट थांबली की घरातली बाई जिथे असेल तिथून विचारायची, "काय झालं गा?" सुताला लावायची तांदळाची खळ मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यात शिजायची आणि उरलेली तशीच आंबत राहायची. घराला, कपड्यांना, आमच्या केसांनासुद्धा तो आंबूस वास होता. शाळेत मुलं नाक धरायची. आज कुठे कांजीचा वास आला तरी माझं मन आधी घरी जातं आणि मग मोरीत जातं. कारण त्या वासाने माझं सगळं झाकून घेतलं, आणि मागांच्या आवाजाने उरलेलं.

आई मी चार वर्षांचा असतानाच गेली. कन्हानला दिलेली आत्या विधवा होऊन परत आली होती, तिने आम्हाला वाढवलं. मोठी तोंडाळ बाई, पण जीव लावायची तो ताटातून. मला टायफॉइड झाला आणि मी वाचलो, तेव्हापासून तिने माझ्या अंगावर मांस चढवण्याचा जणू नवस केला होता. वडाभात केला की माझ्या भातावर वडे कुस्करून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल ती स्वतः ओतायची आणि समोर बसायची. "खाय लहान्या, खाय. हाडं वाजून राहिले तुहे." मी धाकटा, म्हणून लहाना. हे नाव मला अजून आहे.

बाबा बोलत नसत. मारतही नसत, बोलतच नसत. दादाच्या विणीकडे ते पाहायचे, बोट फिरवायचे आणि "हं" म्हणायचे, तेवढं दादाला पुरायचं. माझ्या हाताला विणकाम नव्हतं. मी सुताची तार तोडायचो, काठ वाकडा न्यायचो. मला मिळालेलं पहिलं "हं" मागावर नव्हे, पंगतीत मिळालं. शेजारच्या गल्लीत लग्न होतं. आमच्याकडे तेव्हा पंगतीत खाणाऱ्याचा मान असे. म्हातारे लोक मुद्दाम वाढप्याला एखाद्या ताटापुढे थांबवत आणि बाकीची पंगत हात थांबवून पाहत राही. त्या दिवशी माझ्या ताटापुढे जिलब्यांचं पातेलं थांबलं. मी खात गेलो. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "हा कोणाचा गा पोट्टा?" आणि बाबा, माझे न बोलणारे बाबा, तीन ताटं पलीकडून म्हणाले, "माहा हाय." सगळे हसले. बाबांनी उठताना माझ्या पाठीवर हात ठेवला. मांडवामागे गेल्यावर मला आपसूक उलटी झाली. त्यात माझा काही हात नव्हता. पण पोट रिकामं झालं, अंग हलकं झालं, आणि मी तोंड धुऊन दुसऱ्या पंगतीला जाऊन बसलो. "पुन्हा बसला!" असा जो आरडाओरडा झाला तो मला आजही ऐकू येतो. त्या वयाच्या मुलाला यातून काय कळावं ते मला कळलं.

नंतर बाबा मला प्रत्येक लग्नाला नेऊ लागले. पण गोष्ट पंगतीपुरती राहिली नाही. गणितात नापास झालो की, बाबांनी माझ्या हातचं कापड बाजूला सारलं की, पोरांनी वासावरून चिडवलं की, मी शिंकाळ्यातल्या शिळ्या पोळ्या, गुळाचा खडा, रात्रीचा भात, जे हाताला लागेल ते खायचो. चव लागत नसे. आतलं काहीतरी गप्प बसेपर्यंत खायचो, आणि मग मोरी. पहिली काही मिनिटं इतकी शांत जात की त्यांच्यासाठीच सगळं केलं असं वाटे. त्यानंतर स्वतःची अशी किळस यायची की आत्याच्या तोंडाकडे पाहवत नसे. तिने माझ्यासाठी रांधलेलं मी कुठे टाकून आलो हे मला ठाऊक होतं ना. उद्यापासून नाही, असं रोज ठरवायचो. ज्या ताटावर माझा एवढा जीव, त्याचीच हळूहळू भीती बसली. मित्रांकडे जाणं सोडलं, कारण तिथली मोरी कशी आहे ते माहीत नसे.

शरीराने सगळं सांगितलं होतं, पण ऐकणाऱ्यांनी वेगळं ऐकलं. माझे गाल कानाखाली सुजून टरटरीत झाले, आत्या दृष्ट काढायची, "गाल भरले माह्या पोराचे!" आवाज घोगरा झाला, म्हणाले, वयात आला. माठाचं पाणी दातांना झणकन लागायचं, पावड्यांवर पोटऱ्यांत गोळे यायचे, ऊन नसतानाही चक्कर यायची, आणि छातीत मधूनच काहीतरी अडखळायचं, जसा धोटा मध्येच अडकतो तसा. पुढच्या दातांच्या कडा पातळ, आखूड होत गेल्या. विणकराच्या घरात दात हे हत्यार आहे. तुटलेली तार सांधली की उरलेलं टोक दातानेच तोडतात. मी ब्लेड वापरू लागलो. "साहेब झाला," दादा म्हणायचा.

मी अकरावीत असताना दादाचं लग्न झालं. वहिनी उमरेडची, आमच्यासारख्याच विणकराची मुलगी, माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठी. तिच्या येण्याने घरात पहिल्यांदा कोणी गुणगुणताना ऐकू आलं. पाटोडी रस्सा तर ती असा करायची की आत्याने पहिल्याच दिवशी वाटी पुन्हा पुढे केली आणि वर म्हणाली, "मीठ जरा कमीच हाय वं." वहिनीने पदर तोंडाला लावून हसू दाबलं आणि मला डोळ्यांनी दाखवलं, वाटी पाहा. घरात माझी चेष्टा करणारी ती पहिली. "भाऊजी, आज चारच पोळ्या? काहून, रुसले का माह्यावर?" तिने वाढलेलं टाकताना मला जास्त लाज वाटायची. तरी टाकत होतोच.

ती येऊन सात-आठ महिने झाले असतील. एका सकाळी दादाला ताप होता म्हणून बाबांनी मला त्याच्या मागावर बसवलं. लुगडं अर्धं विणून झालेलं. मी पावडी दाबली, पोटरीत गोळा आला, छातीत ते अडखळणं सुरू झालं आणि थांबेचना. डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी सगळ्या अंगाने पुढ्यातल्या उभ्या धाग्यांच्या ताण्यावर पडलो. तारा तुटल्याचा तो आवाज मला बेशुद्धीतही ऐकू आला असं वाटतं. शुद्धीवर आलो तेव्हा पुढच्या खोलीतच होतो, गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले म्हातारे डॉक्टर माझा हात धरून बसले होते. बाबा उशाशी, दादा तापातच भिंतीला टेकून, आत्या पायांशी, आणि वहिनी आतल्या दारात, हातात पाण्याचा तांब्या.

"उलट्या होतात का?" डॉक्टरांनी मला विचारलं.

मी बोलायच्या आत आत्या म्हणाली, "होतात नं! माग बंद असले का मोरीतून मले आइकू येते. सांगू कोणाले? नवी सून घरात, मी बोलली तर मीच वाईट."

"कधीपासून?"

हा प्रश्न मला होता. डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. पाच वर्षं, असं उत्तर होतं. पण पाच वर्षं म्हणालो की पहिली पंगत आली, मांडवामागची जागा आली, आणि पाठीवरचा तो हात आला. बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत भीती होती. माझ्यासाठी भ्यालेले बाबा मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि ते मला गमवायचे नव्हते.

मी म्हणालो, "दादाच्या लग्नानंतर."

एवढंच. वहिनीचं नाव मी घेतलं नाही, ही माझी पुढची कित्येक वर्षांची पळवाट होती. डॉक्टर भले होते, त्यांनी पित्ताचं औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगितलं आणि गेले. ते गल्लीच्या टोकाला पोचले नसतील तोच आत्या वळली. "आइकलं गा भाऊ? मले वाटतच होतं. हिच्या हाताले गुण नाही." वहिनी म्हणाली, "आत्याबाई, घरात सगळेच जेवतात नं माह्या हातचं. एकट्या भाऊजीलेच कसं लागते?" आत्या जास्तच चिडली. "एकट्यालेच लागते, म्हणूनच तं म्हणतो! काय टाकते तू त्याच्या ताटात, बोल?" आमच्या लोकांत हा आरोप हलका नव्हता. करणी हा शब्द कोणी उच्चारला नाही. उच्चारायची गरज नव्हती. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. आजारी माणसाला ते शोभून गेलं.

पंधरा दिवसांत तिचे वडील उमरेडहून आले, बाबांसमोर हात जोडून बसले आणि तिला "काही दिवसांसाठी" घेऊन गेले. जाताना ती माझ्याजवळ आली. "बरे व्हा भाऊजी," म्हणाली. मी बरा झालो, निदान घरच्यांच्या दृष्टीने. मोरीत आता आत्याचा कान होता, म्हणून मी जेवून शतपावलीच्या नावाने नाल्याकडे जाऊ लागलो. घरात उलटीचा आवाज बंद झाला. "पाहा," आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "सून गेली अन् पोराच्या उलट्या गेल्या." माझ्या चोरीचा तिच्याविरुद्ध पुरावा झाला, आणि मी तो रोज दोन वेळा देत होतो.

दादा काही बोलला नाही. तोही बाबांचाच मुलगा. पण चार-पाच महिन्यांनी एकदा भर दुपारी त्याने चालता माग थांबवला, सदरा घातला, एसटी पकडली आणि दिवे लागायच्या वेळेला वहिनीला घेऊन दारात उभा राहिला. कोणीच "ये" म्हणेना. शेवटी आत्याच म्हणाली, "आली तं ये. पण लहान्याच्या ताटाले हात नाही लावायचा." वहिनी म्हणाली, "बरं." आणि त्या दिवसापासून ती सगळ्यांना वाढायची, माझं ताट आत्या वाढायची. गुणगुणणं परत आलं नाही.

त्यानंतर जे घडलं ते सांगतो. उन्हाळ्याची दुपार, आत्या शेजारी पापड लाटायला गेलेली, महिनाभर खोकत असलेले बाबा दवाखान्यात गेलेले. वहिनी पडवीत रहाटावर कांड्या भरत होती, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळत होती. मी भरलेल्या कांड्या न्यायला आलो. ती म्हणाली, "भाऊजी, हा धागा तोडून द्या जरा. माह्या हाताले खळ लागली हाय."

मी धागा दातांत धरला. तुटेना. पुन्हा धरला. नुसता ओला झाला.

ती उठली, हात धुतले, आत जाऊन तिची पेटी उघडली आणि लग्नाचा फोटो आणून माझ्यापुढे ठेवला. मांडवातला, घोळक्याचा. मी पुढे बसून हसत होतो.

"हा कोण हाय?"

"मी."

"दात पाहा. कसे आखूड झाले हायेत. गाल पाहा, टोपल्यावानी. तवा मी तुमच्या घरचं पाणीही पेली नव्हती. मंग माह्या हातानं तुमचे दात कसे गेले, सांगा."

मी कांड्या गोळा करायला लागलो.

"नाल्यावर काहून जाता रोज, तेही माहीत हाय मले. एक दिवस मागं मागं आली होती."

मी रडायला लागलो, मोठ्याने. ती घाबरून दाराकडे पाहत म्हणाली, "उगे राहा हो! आत्याबाई येतील अन् म्हणतील, पोराले आता काय चारलं हिनं." आणि मग आम्ही दोघंही हसलो. नाकातोंडातून पाणी येत असताना मी हसलो. माझ्या आयुष्यातली ती फार मोठी दुपार आहे.

हसू थांबल्यावर ती फोटोवर बोट फिरवत बसली. "माह्या लहान बहिणीचं भिवापूरचं स्थळ मोडलं, भाऊजी. म्हणे मोठीच्या हाताले गुण नाही, लहानीचं काय घ्या. आई बाजारात जात नाही आता." आवाज चढवलेला नव्हता. "मी नाही कोणाले सांगत. मी सांगितलं तं कोणी आइकणार नाही. तुम्ही सांगसान?"

"सांगतो."

"कवा?"

"बाबांची तब्येत जरा बरी झाली का."

"बरं," ती म्हणाली. "तवर एक करा. जेवण झालं का नाल्यावर नाही जायचं. इथं माह्यासमोर रहाटावर बसायचं. धा कांड्या भरल्याशिवाय हलायचं नाही."

पुढची तीन वर्षं मी कांड्या भरल्या. आत्याने विचारलं तर वहिनी म्हणायची, "मागावर जमत नाही, मंग हे तं शिकू द्या त्याइले." घशाशी यायचं, सूत तुटायचं. ती वर न पाहता म्हणायची, "सांधा." मी सांधायचो. मध्ये मध्ये ती उमरेडच्या गोष्टी सांगायची. तिच्या वडिलांनी पाळलेली एक बकरी होती, ती मागाखाली जाऊन सूत खायची, वगैरे. दहावी कांडी भरेपर्यंत ती वेळ निघून गेलेली असायची. नेहमीच नाही. कितीदा तरी मी उठून पळालो. दुसऱ्या दिवशी ती काही विचारत नसे, फक्त रहाट माझ्याकडे सरकवायची. मला कळमेश्वरला कारखान्यात नोकरी लागली तोवर आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं होतं, आणि लग्नानंतर कधीतरी ते सुटलं. छातीतलं अडखळणं पुष्कळ दिवस राहिलं. ताटावर बसताना किंचित भीती वाटते, ती अजूनही आहे. लोकांना वाटतं, हा सावकाश जेवणारा माणूस आहे.

बाबांची तब्येत बरी झाली, मग बिघडली, मग ते गेले. मी सांगितलं नाही. आत्या शेवटच्या दुखण्यात वर्षभर अंथरुणावर होती, तिचं सगळं वहिनीने केलं, आणि आत्या तिच्या हातून पेज पिऊन मला म्हणायची, "तू नको घेऊ बापा हिच्या हातचं, तुले सोसत नाही." तेव्हाही सांगितलं नाही. वहिनीने पुन्हा एकदाही विचारलं नाही. माग विकले गेले, पुढच्या खोलीत पुतण्याने दुकान टाकलं, आणि घरात एक रीत मात्र मागे राहिली: मी गेलो की माझं ताट दुसरं कोणीतरी वाढतं. परवाच्या दिवाळीत पुतण्याच्या नव्या बायकोने भोळेपणाने विचारलं, "काकाजीच्या ताटात सासूबाई काहून नाही वाढत?" दादाने मान खाली घातली. त्याला अजून वाटतं की त्या वर्षी वहिनीच्या हातात काहीतरी होतं, आणि त्याने ते पोटात घालून बायकोला परत आणलं. वहिनी आतून म्हणाली, "त्याइले माह्या हातचं तिखट लागते." सगळे हसले. मीही हसलो.

वहिनीच्या जेवणाने मला कधीच काही झालं नाही. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं होतं. हे मला दादासमोर सांगायचं आहे, वहिनीच्या मुलासुनेसमोर सांगायचं आहे, आणि उमरेडला जाऊन तिच्या बहिणीला सांगायचं आहे. इथे लिहून झालं. तोंडाने सांगणं अजून माझ्याकडे बाकी आहे.